आठच वाजलेत

इंदूरची भुतं उपाशी नसतात.
रात्री अकराला सराफ्यात या:
सोनारांची शटरं पडली की त्याच पायऱ्यांवर
कढया चढतात, गराडू तळले जातात,
आणि गर्दीत एखादा असा असतोच
जो पाकातली जिलबी खातो, बोटं चाटतो,
आणि त्याचा द्रोण
कोरडाच्या कोरडा राहतो.

कुणी पाहिलं, विचारू नका.
इथे गोष्टीला साक्षीदार नसतो,
सांगणाऱ्याचा मेव्हणा असतो.

मेव्हण्याने पाहिलाय झारेकरी,
पहाटे तीनला गटारापाशी उकिडवा,
चाळणीत आख्ख्या बाजाराची धूळ घोळवणारा.
कण सापडला की हसतो.
दात मोजू नयेत.
मेव्हण्याने ऐकलाय भोंगा:
गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले,
तरी तिसऱ्या पाळीला वाजतो,
आणि परदेशीपुऱ्यात म्हातारे
झोपेतच पायांनी चपला चाचपतात.
(याला भूत म्हणावं का,
मला अजून ठरवता आलेलं नाही.)

नववीत असताना या यादीत
मीही एक भर घातली.

शिकवणी साडेसातला सुटली होती.
घरी पोचले तेव्हा सव्वानऊ.
आई जिन्यात उभी, काही न बोलता.
मी म्हटलं, कृष्णपुऱ्याच्या पुलावर
एक बाई भेटली. पांढरी साडी.
किती वाजले, विचारत होती.
आई गप्पच, म्हणून आणखी म्हटलं,
एका पायात चप्पल नव्हती तिच्या.

आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या.
माझ्या बोटांना येणारा
भुट्ट्याच्या किसाचा वास तिला आला नाही,
किंवा आला.
यास्मिन आणि मी, एक प्लेट, एकच चमचा,
मी म्हणायचे तुझा घास मोठा, ती म्हणायची तुझा;
यात भिण्यासारखं काय होतं,
आणि सांगण्यासारखं तरी काय.

आठवड्यात शाळाभर झालं.
दहावीतल्या किबे आडनावाच्या मुलीला
ती बाई दिसलीसुद्धा, तापच भरला तिला.
मी तिला बघायला गेले, संत्री घेऊन.
खरं सांगायची वेळ तेव्हाच निघून गेली.

पुढे मी शहर सोडलं.
यास्मिन कुठे असते, ठाऊक नाही.
आईचं घर विकायच्या कागदांसाठी
मागच्या थंडीत आले, गाडी चार तास उशिरा.
रिक्षावाला बोलका. पूल आला तसा
त्याने वेग कमी केला, हॉर्न दाबला नाही.

दीदी, इथे एक मुलगी असते, म्हणाला.

मुलगी? मी म्हटलं, बाई ना? पांढऱ्या साडीतली?

छे हो. शाळेची. पाठीवर दप्तर,
एक वेणी सुटलेली. दोन्ही चपला असतात पायात.
माझ्या मेव्हण्याने पाहिलीय.
जवळ येते तेव्हा
ओल्या खोबऱ्याचा, कोथिंबिरीचा वास येतो,
भुट्ट्याचा कीस असतो ना, तसा.
घरी जायला उशीर झालाय बिचारीला.
किती वाजले, विचारते.

मग?

मग काय. घड्याळाकडे बघायचंच नाही.
म्हणायचं, आठच वाजलेत, बेटा.
खूष होते. पळत सुटते.
आम्ही सगळे रिक्षावाले आठच सांगतो.

पुलाखालून कान्ह नदी म्हणवणारं पाणी
दिवे हलवत राहिलं.
मी रचलेलं सगळं गळून गेलं होतं,
साडी, अनवाणी पाय;
लपवलं होतं तेवढंच उरलं होतं.
या शहराने मला न विचारता
माझी गोष्ट धुऊन,
माझीच मला परत केली होती.

पुढच्या चौकात सिग्नल लागला.
मोबाइल केव्हाच बंद पडलेला.
ध्यानीमनी नसताना तोंडातून गेलं,
भिया, किती वाजले?

आरशात त्याचे डोळे वर आले.
मनगटावरचं घड्याळ त्याने
बाहीखाली ढकललं, हळूच.
सिग्नल हिरवा झाला तरी
गाडी तशीच उभी.

आठ, म्हणाला.
आठच वाजलेत अजून.